हिलीच्या थडग्याला प्रदक्षिणा

पुण्याहून आमच्याकडे अमिरातीत आलेल्या आईला मॉल दाखवून आम्ही दमलो, तेव्हा अल ऐनच्या हिली बागेत घेऊन गेलो. तिथे दगडांचं एक गोल, बिनछपराचं बांधकाम आहे. दारावर माणसं आणि हरणं कोरलेली. आईने ते पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडून प्रदक्षिणाच सुरू केली. आई निघाली की आपण मागे, ही लहानपणापासूनची सवय. मीही तापलेल्या मातीवर अनवाणी निघाले.

दुसऱ्या फेरीला माझी लेक पाटी वाचून ओरडली, "आजी, स्टॉप! इट्स अ ग्रेव्ह!"

चार हजार वर्षांपूर्वीचं थडगं! माझे पाय जागीच थिजले. आई मात्र चालतच राहिली. "कोण कुठली माणसं! परक्यांचं आपल्याला कसलं सुतक?"

लेकीने पुढे वाचलं. अशा थडग्यांत लाल मणी सापडलेत, सिंधूच्या खोऱ्यातून जहाजाने आलेले.

आई थांबली. तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई, म्हणजे आपलीच माणसं निघाली की!" तिने घाईघाईने चपला घातल्या. "चला घरी. आता सगळ्यांना आंघोळ करावी लागेल."