सुकदेवने थापलेल्या भाकऱ्या

शहाद्याकडून आलेल्या भिमाबाई खडोलीत खानावळ चालवतात. कारखान्यातली खानदेशी मुलं तिथे येतात ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसाठी, आणि ती थापणाऱ्या भिमाबाई एकट्या. त्याच कारखान्यातल्या सुकदेवने पिऊन मोटारसायकल त्यांच्या अंगावर घातली आणि उजवं मनगट मोडलं, तेव्हा दुखण्याआधी त्यांना खानावळ आठवली.

दवाखान्यात त्यांचा मुलगा कल्पेश म्हणाला, "आई, तक्रार दे. सडू दे त्याला आत."

"तो आत सडेल. चुलीपुढे कोण बसेल? तू?"

सुकदेव दाराशी मान खाली घालून उभा होता. त्याला त्या म्हणाल्या, "हात बरा होईपर्यंत भाकऱ्या तू थापायच्या. पिऊन आलास, तर त्याच पावली पोलिसात जाईन."

दुपारची पंगत बंद ठेवली. संध्याकाळी शिफ्ट सुटली की सुकदेव परातीपुढे बसायचा आणि भिमाबाई स्टुलावरून सांगायच्या, "मळ. अजून मळ." पहिली भाकरी परातीलाच चिकटली, दुसरी तव्यावर फाटली.

"मावशी, गुन्हा याचा आणि सजा आम्हाला?" पंगतीतून विशाल म्हणाला. "याला जेलमध्येच पाठव, तिथं निदान शिजवलेलं मिळेल."

सगळे हसले. भिमाबाई हसल्या नाहीत. हात ठणकला की त्यांना कल्पेशचंच पटायचं. मग त्या सुकदेवकडून तवा दोनदा घासून घ्यायच्या.

प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी त्यांनी परात स्वतःकडे ओढली. मनगट वळेना. भाकरीला काठाशी भेगा पडल्या.

"बघितलंस?" कल्पेश म्हणाला. "आता तरी चल पोलिसात."

"मावशी, मीही येतो," सुकदेव म्हणाला. "चूक माझीच होती, तसं सांगेन."

भिमाबाईंनी फुटकी भाकरी मोडून गोळा केला, पाण्याचा हात लावला आणि परात त्याच्यापुढे सरकवली.

"मनगट वळायला लागलं की मी सांगेन. तोवर ये. आणि माफ केलंय असं समजू नको."

"नाही समजत."

मनगट अजून पुरतं वळत नाही. सुकदेव थापतो, भिमाबाई डाव्या हाताने तव्यावरची भाकरी उलटतात. आता त्याच्या भाकऱ्या फुगतात. कल्पेश त्याच्याशी अजून बोलत नाही. जेवायला मात्र वेळेवर येतो.