रस्ता पावसात बघावा

खरवईच्या गोजरबाईला एक खोड होती. रस्त्यानं जाणाऱ्याला "कुठं चाललास?" असं ती कधी विचारायची नाही. "कुठून आलास?" असं विचारायची. माणूस थांबला की मग पुढचं. वाटेत चढ आहे का, विहीर कुणाची, पाणी देतात का, कुत्री अंगावर येतात का. डोक्यावर पाटी तशीच, एक हात कमरेवर. नवरा कोंडाजी म्हणायचा, "हिला भाजी इकायची नाय, हिला जकात बसवायचीय."

पहाटे खरवईहून निघून चिखलोलीवरून, अंबरनाथचा काडेपेटीचा कारखाना मागं टाकून ती कॅम्पात जायची. सरकारनं कॅम्पाचं नाव उल्हासनगर ठेवलं त्याला तीन-चार वर्षं झाली होती, पण गोजरबाईच्या तोंडी कॅम्पच. लढाईत सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकींत आता सिंधी कुटुंबं राहत होती. गावच्या तळ्यातली कमळाची मुळं खरवईत कुणी हुंगतही नसे. तीच मुळं सिंधी बायका 'बीह, बीह' म्हणत पाटीतून ओढून घेत. त्यामुळं कॅम्पाकडचा रस्ता गोजरबाईला तळहातासारखा माहीत. दुसऱ्या अंगाला, वांगणी-कर्जताकडं, तो पुढं काय करतो हे मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. आणि लेकीचं स्थळ नेमकं त्याच अंगानं आलं.

आणलं हिंदुरावानं. हा कोंडाजीचा मावसभाऊ, लग्नं जुळवण्यात हुशार.

"वहिनी, धामणवाडीचं घर हाय, खातंपितं. भात चांगला पिकतो. पोरगा शांत, सासू गरीब गाय. आनि मुख्य म्हंजे रस्ता तुमचाच! तुमच्या गावावरून जो जातो ना, तोच धामणवाडीच्या बाजूनं जातो. गाडी जुंपली की सरळ नाकासमोर."

"कवा?" गोजरबाईनं विचारलं.

"कवा म्हंजे?"

"कवा सरळ जातो? चैतात का आषाढात?"

हिंदुरावानं पान जरा जास्तच चावलं. "रस्ता तो रस्ता, वहिनी. चैतात काय नि आषाढात काय. आता सरकार आपलं हाय. हायवे करनार म्हनतात त्याचा, हायवे!"

"म्हंजे काय?"

"म्हंजे... मोठा रस्ता."

"म्हंजे अजून बारकाच हाय."

कोंडाजी मिशीत हसला. हिंदुराव हसला नाही. त्याला नागपंचमीच्या आत शब्द हवा होता, म्हणजे तुळशीचं लग्न लागलं की ह्यांचं लावायला तो मोकळा.

घर चांगलं होतं, मुलगा चांगला होता, हे गोजरबाईलाही पटत होतं. पण तिचं स्वतःचं माहेर नदीपल्याडचं. लग्नाच्या पहिल्याच आषाढात नदी चढली आणि पल्याड तिची आई गेली. निरोप आला तो पाणी उतरल्यावर, एका गुराख्याच्या तोंडून. आईचं तेरावं झालं त्या दिवशी गोजरबाई इथं खाचरात इतर बायकांबरोबर लावणीची गाणी म्हणत होती, हसत होती. त्या हसण्याचं तिला अजून कसंतरी व्हायचं. लेकीला, अंजनीला, तिनं कुठंही दिलं असतं, पण पावसात तुटणाऱ्या गावी द्यायचं नाही, हे तिनं अंजनी पाळण्यात असल्यापासून ठरवलेलं.

म्हणून तिनं रस्त्याची चौकशी मांडली. लोक मुलाची मांडतात तशी.

सुरुवात घरातून. कोंडाजीनं लढाईच्या काळात ह्याच रस्त्यासाठी खडी फोडली होती.

"आवं, ह्यो रस्ता कुनी केला?"

"कुनी एकानं नाय केला. आमच्या आज्याच्या येळेला मिठाचे बैल जायचे हितनं, घाटाकडं. बैलांनी वाट पाडली. मग गवताच्या गाड्या चालू झाल्या, त्यांनी चाकोऱ्या पाडल्या. मग लढाई आली. साहेबानं कॅम्प बसवला, म्हनला डांबर घाला. आमी खडी फोडतोय, मागनं खडी दाबायचा रूळ येतोय धूर सोडत. बदलापुराशी आलो, तर लढाई संपली."

"मंग?"

"मंग काय! लढाई संपली तिथं डांबर संपलं."

"आनि पुढं?"

"पुढं पुन्हा बैलाचंच राज्य."

एवढ्यानं तिचं भागलं नाही. स्टेशनाजवळ चहाला थांबलेल्या लॉरीवाल्याला तिनं गाठलं. तो म्हणाला, "मावशी, रस्ता एकदम फस्टकलास! वांगणीवरून गेलो, डोळा लागला तरी गाडी चालते."

"कवा गेलतास?"

"होळीला."

"होळीला मी बी डोळं मिटून जाईन," गोजरबाई म्हणाली आणि पाटी उचलली.

कॅम्पात जेठीबाई तिची रोजची गिऱ्हाईक. बराकीच्या दारात पापड लाटत बसलेली असायची. बीह निवडता निवडता तिनं सगळी हकीकत ऐकली आणि लाटणं थांबवलं.

"अदी, मेरी बहन, सडक का क्या भरोसा? हमारे घर के सामने भी पक्की सडक थी. बाप के गाव तक जाती थी. बारिश में भी, हर मौसम में." तिनं पिठाचा हात हवेत आडवा फिरवला, रेघ ओढल्यासारखा. "फिर बीच में बॉर्डर आ गया."

गोजरबाईनं पाटीतली दोन मुळं जास्तीची काढून जेठीबाईच्या सुपात टाकली. निघताना जेठीबाई मागून ओरडली, "पूछ मत, अदी! जाके देख!"

हे मात्र गोजरबाईला पटलं. स्थळं सगळे उन्हाळ्यात बघतात. उन्हाळ्यात कुठला रस्ता वाईट असतो?

लावणी उरकली आणि पाऊस धरून होता तेव्हाच एके सकाळी तिनं अंजनीला म्हटलं, "इरलं घे. चल."

"कुठं?"

"तुझ्या सासरच्या वाटेवर."

कोंडाजी दारात आडवा आला. "लोक श्यान घालतील तोंडात! पोरगी कधी सासर बघाय जाते काय?"

"सासर कोन बघतंय? रस्ता बघतोय आमी."

"मंग आगगाडीनं तरी जा, वांगणीपर्यंत."

"आगगाडीतनं रूळ कळतात. रस्ता नाय कळत."

दोघी निघाल्या. बदलापूर सुटलं आणि कोंडाजी म्हणाला होता तसं डांबर सुटलं. काळी कड तुटल्यासारखी दिसत होती, पुढं लाल चिखल. अंजनीनं चपला हातात घेतल्या. एका बाजूला माथेरानचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला, त्याच्या अंगावरून पांढरे ओहोळ खाली येत होते. ते बघून गोजरबाई दर थोड्या वेळानं म्हणायची, "हे समदं पानी कुठंतरी आडवं येनार."

"आई, तू नवऱ्यामुलाचं तोंड बघितलंस का?"

"बघितलं की, हिंदुराव घिऊन आलता तवा. गोरंगोमटं हाय."

"मला कुनी दाखवलं नाय."

"तू आता वाट बघ. तोंड काय, जल्मभर बघायचंच हाय."

अंजनी हसली आणि घसरता घसरता राहिली.

वांगणीच्या पुढं आडवं आलंच. एरवी गुडघाभर असणारा ओढा दोन्ही तीरांना लागून, चहाच्या रंगाचा, फांद्या-पाचोळा घेऊन चालला होता. रस्ता सरळ त्याच्या पाण्यात शिरत होता आणि पल्याड पुन्हा बाहेर निघत होता, जणू मधलं पाणी त्याच्या गावीच नव्हतं. अल्याड एक बैलगाडी सोडून ठेवलेली. गाडीवान गाडीखाली बसून विडी ओढत होता.

"कवा उतरंल?" गोजरबाईनं विचारलं.

"त्याला इचार," त्यानं ओढ्याकडं बोट केलं.

पल्याड एकच बाई उभी होती. डोक्यावर घोंगडीची खोळ, हात छातीशी. कुठं जायच्या तयारीतली दिसत नव्हती. नुसती उभी.

गोजरबाईनं हातांचा कर्णा केला. "अगं येऽऽ बायऽऽ! ह्यो रस्ता रोज असाच तुटतो काऽऽ?"

"तुटतोऽऽ!" पल्याडून आवाज आला. खणखणीत. "आषाढात तुटतो तो भादव्यापर्यंत! मधे एखादा दिस उतार मिळंल, नायतर तोही नायऽऽ!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी सरळ उत्तर दिलं होतं. गोजरबाई दोन पावलं पाण्याकडं सरकली. अंजनीनं तिचा पदर धरला.

"तू का उभी मंगऽऽ?"

"माजी लेक दिलीय तुमच्या अंगाला! चिखलोलीलाऽऽ! कुनी तिकडचं आलं तर चार शब्द कळतील म्हनून येतेऽऽ!"

"रोज?"

"दूध काढलं की येतेऽऽ!"

गाडीवान गाडीखालून म्हणाला, "खरं हाय. मी दोन दिस हितं अडकलोय, दोन्ही दिस बघतोय."

गोजरबाईनं पुन्हा हाक दिली, "नाव काय गं तुजंऽऽ? गाव कुठलंऽऽ?"

"रखमा! धामणवाडीऽऽ!"

अंजनीनं पदर सोडला आणि चटकन आईच्या पाठीमागं झाली. हिंदुरावानं सासूचं नाव सांगितलेलं होतं. गोजरबाईचे हात तसेच तोंडाशी राहिले. मग तिनं सावरून, पण तेवढ्याच मोठ्यानं विचारलं, "पोराचं जमवताय म्हनं यंदाऽऽ!"

"व्हय! खरवईची पोरगी हायऽऽ!"

"तिच्या आईला सांगितलंस का, रस्ता तुटतो म्हनूनऽऽ?"

पल्याडची बाई आणखी एक पाऊल पाण्याकडं आली. पाण्यातून एक ओंडका गेला.

"हिंदुराव म्हनला, पावसाचं काढू नकोऽऽ! मी म्हनलं, मी होऊन काढायची नाय. पन त्या माउलीनं इचारलं तर लपवायची बी नायऽऽ! मला ठावं हाय नाऽऽ, कसं वाटतं तेऽऽ!"

"मंग इचारते मीऽऽ!" गोजरबाईचा आवाज फाटला. "मीच ती! खरवईचीऽऽ!"

रखमाबाईनं डोक्यावरची घोंगडी मागं सारली. पावसात उघड्या डोक्यानं ती अल्याड बघत राहिली. मग तिची नजर गोजरबाईच्या पाठीमागं गेली. "ती मागं लपलीय ती कोन?"

गाडीवान खदखदून हसला. "बाहेर ये गं पोरी, सासू बघतेय!"

अंजनी बाहेर आली. चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. नमस्कार करावा की डोक्यावर पदर घ्यावा हे न कळून तिनं दोन्ही एकदम केलं आणि चपला पडल्या.

गोजरबाईला आता निर्णय करायचा होता आणि तो ह्या काठावरच करायचा होता. रस्ता तुटत होता. ती ज्याला भीत होती तेच समोर वाहत होतं. पण आपली आई कधी अशी नदीवर येऊन उभी राहिली असेल का, हा प्रश्न तिला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पडला. राहिलीही असेल. हिच्यासारखीच. आपणच कधी नदीवर गेलो नाही. पाणी आहे म्हणून गेलोच नाही.

"रखमाबायऽऽ! पोरगी देते! पन एक अट हायऽऽ!"

"बोलऽऽ!"

"पंचमीला पोरीला हितं आनून उभी करायची! पानी असंल तरीऽऽ! पोचवू नको, नुसतं तोंड दाखवऽऽ!"

"दर साली आनीनऽऽ! अगं पन मंग तू माजीला आनशील काऽऽ? ह्या पंचमीलाऽऽ?"

"चिखलोली माज्या रोजच्या वाटंवर हाय! आनतेऽऽ!"

ओरडून ओरडून दोघींचे घसे बसले होते. अंजनी मात्र आता पाण्याच्या अगदी कडेला गेली होती. कुणी सांगितलं नसताना तिनं हात तोंडाशी धरले.

"तुमच्या लेकीला आज काय सांगूऽऽ?"

रखमाबाईनं खूप विचार केला. इतके दिवस साठवलेलं एका हाकेत कसं मावणार? शेवटी ती म्हणाली, "सांग, कपिला व्याली म्हनूनऽऽ! कालवड झालीऽऽ!"

दिवस कलता दोघी धामणवाडीच्या सुनेचं घर विचारत चिखलोलीला पोचल्या. खरवई मागं टाकून पुढं आल्या, पाय भरून आले होते. रखमाबाईची लेक अंगणात भांडी घासत होती. ओळख ना पाळख, अंजनीनं दारातूनच सांगून टाकलं, "कपिला व्याली. कालवड झाली."

पोरीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग ती राखेच्या हातांनीच अंजनीकडं धावली. "कवा? रंग कुठला? कपाळावर चांद हाय का? आईची तब्येत काय म्हनतेय?"

अंजनीनं आईकडं पाहिलं.

"पंचमीला न्यायला येते तुला," गोजरबाई पायरीवर टेकत म्हणाली. "आवाज मोठा ठेव. तूच इचार."