तोंड झाकायच्या आधी

पडेगावात कुणी गेलं की रडारडीच्या आधी एक माणूस द्वारकाबाईकडं पळतं. म्हातारी पदर खोचून येती, उशाला बसती, मेलेल्याच्या नाकाशी कान नेती, मानंवर बोटं ठेवती. मग म्हणती, "गेलं." तवा कुठं तोंडावर कापड पडतं. डॉक्टर सांगून गेला तरी लोक तिच्या शब्दाला थांबतात. टवाळ पोरं म्हणत्यात, "यम आला तरी आधी आजीला इचारतो."

हे खूळ एकाहत्तरच्या लढाईतलं. शहरात नर्सिंग शिकत व्हती, विशीत. जखमी जवानांसाठी पोरी पाहिजेत म्हणल्यावर हिचा हात सगळ्यांच्या आधी वर. बाप म्हणला, "परक्या पुरुषांची अंगं पुसून आलेली पोरगी करंल कोण?" ही गेलीच, पार सरहद्दीकडच्या लष्करी दवाखान्यात.

गाड्या भरून माणसं यायची, खाटा पुरायच्या नाय. एका सकाळी पोटात गोळी लागलेल्या जवानाची नाडी तिला घावंना. थंडीनं तिची बोटं बधिर झालती. तिनं चादर त्याच्या तोंडावर ओढली अन् पुढच्या खाटंकडं गेली. दुपारी उचलायला आलेल्या माणसानं तिला बोलावून दाखवलं. चादर तोंडापाशी ओली, श्वासानं आत ओढलेली. आता मात्र तो खरंच गेला व्हता.

थोरली सिस्टर म्हणली, "तसाही वाचला नसता." हिला ते आजवर पटलं नाय.

परत आल्यावर बापाचंच खरं झालं, कुणी करंना. शेवटी नानासाहेबानं केलं. दौलताबाद रोडला सीताफळाची बाग असलेला शांत गडी. झोपंत हिचा हात त्याच्या नाकाशी यायचा. तो म्हणायचा, "चालू हाय गं," अन् कूस बदलायचा.

यंदा चैत्रात नानासाहेब गेले.

अंगणात माणसं जमली, तिरडी बांधून झाली. द्वारकाबाई उशाला बसलेली, हातात पांढरं कापड.

"माय, सांग आता," लेक सोमनाथ म्हणला.

"थांब. बोटं गार हायती माझी."

शेजारची भागूबाई म्हणली, "द्वारके, अंगाची काहिली व्हायलीय अन् तुझी बोटं गार? माणसं ताटकळलीत."

"ताटकळू दी. त्यांना कुठं लग्नाला जायचंय."

तिनं कापड नानासाहेबांच्या तोंडावर धरलं. ते हाललं.

"पंखा बंद कर."

पंखा थांबला, कापडही थांबलं. कान नेला, मान चाचपली. काहीच नव्हतं. आख्ख्या गावाला सांगितलेला शब्द आज तिच्या तोंडातून निघंना.

"डॉक्टरनं दोनदा बघितलंय, माय."

"तिथंबी मी बघितलंच व्हतं की."

तिनं कापड घडी करून कंबरेला खोचलं. "उचला. तोंड कुणी झाकायचं नाय."

बायका मसणात जात नायत. ती तिरडीमागं निघाली. आडवायची कुणाची छाती झाली नाय. सरणावर सोमनाथनं छातीपस्तोर लाकडं रचली. तोंडाकडं लाकूड नेलं, तसं तिनं त्याचं मनगट धरलं. पुन्हा वाकली, पुन्हा ऐकलं. लई येळ. माणसं इकडंतिकडं बघायली.

मग ती सरळ झाली, लाकूड बाजूला सारलं अन् म्हणली, "दे आता."

सोमनाथनं अग्नी दिला. धुरानं सगळे मागं सरले. ती तिथंच उभी, डोळ्यांत पाणी दाटलेलं, अन् नजर त्या ओठांवर.