नाकाला लावलेली चप्पल

मला फिट येत नाही. आधीच लिहून टाकते, कारण त्या सोमवारी अख्ख्या बसनं उलटंच ठरवलं होतं.

मी ऑटिस्टिक आहे. माझं नाक काही गाळत नाही. शेजारणीचा गजरा, डिझेल, ड्रायव्हरची उदबत्ती, कुणाच्या पिशवीतली सुकट, सगळं एकदम, सारख्याच जोरानं आत येतं. वासानं धास्ती वाढते, धास्तीनं नाक आणखी तिखट होतं. कधी तर स्टँडवर पोचायच्या आधीच ओढणी नाकावर. हे नखरे नाहीत, हे ऑटिझमवरच्या पत्रकांत छापून वाटून मी थकले.

आबा, माझे वडील, फौजेतून रिटायर. त्यांनी बजावलं होतं, वाटेत काही झालं तर सांगलीचं कॉलेज बंद. तरी रहिमतपूरहून एकटीनं जायचा माझा हट्ट.

थंडीची सकाळ, सगळ्या काचा बंद. कऱ्हाड सुटलं आणि माझा श्वास अडकला. मी हात झटकायला लागले, पुढंमागं झुलायला लागले. त्यानं मला जरा बरं वाटतं. लोकांना ती फिट वाटली. पुढच्या सीटवरच्या मामांनी पायातली चप्पल काढून थेट माझ्या नाकाला लावली. वासानंच बेजार झालेल्या पोरीला घामाचा आणि शेणाचा वास, तोही मदत म्हणून. एक बाई कांदा शोधत होती. मला शब्द फुटेना. चप्पल ढकलली तर मामा म्हणाले, "घट्ट धरा रं तिला, झटका मोठा हाय."

मी काचेवर बुक्क्या मारल्या, तेव्हा कुठं कंडक्टरनं खिडकी सरकवली. वारा आला. दोन गावं मागं पडल्यावर बोलता आलं. त्यानं घरचा नंबर मागितला, मी दिला नाही.

पण मामा आमच्याच गावचे निघाले. शनिवारी मी होस्टेलवरून घरी आले तर बातमी आधीच पोचलेली. सोमवारपासून सांगलीपर्यंत सोडायला येतो, नाहीतर कॉलेज बास, असं आबांनी ठरवूनच टाकलं होतं. फिट नव्हती, वास होता, मी सांगितलं.

"वास काय, सगळ्यांनाच येतो की."

"आबा, दिवाळीत फटाके वाजले की तुमी दार लावून बसता. तवा कुणी तुमच्या कानापाशी माळ पेटवतं का?"

ते उठून बाहेर गेले.

सोमवारी स्टँडवर आले मात्र. बस लागली तशी दोन-तीन काचा हलवून बघितल्या, एक सरकली, तिथून आत रुमाल टाकून जागा धरली. मी चढले. आबा खालीच थांबले.

बस सुटली तरी माझे हात झटकतच होते. मी झटकू दिले.