दीवानजींच्या फोटोचा हार

जाहिरातीच्या ऑफिसात नोकरी केली की संध्याकाळी भाजी आणायची राहून जाते, पण किस्सा आणायचा राहत नाही. आमची एजन्सी बूढ़ापारा मोहल्ल्यातली, मालकाले सगळे भैयाजी म्हणतात. बाकीचे किस्से मी हसून सोडून देते. या 'दीवानजी सिगार'चे आठवले की मात्र अजून डोकं फिरते.

*

सिगारवाले सेठजी पहिल्यांदा आले ते बर्फीचा डबा घेऊन. सिलतऱ्याच्या रस्त्यावर त्यांनी एक शेड घेतलं होतं. तंबाखूची पानं बाहेरून यायची, इथे नुसती गुंडाळून डब्यात भरायची. धंदा गेल्या दिवाळीत सुरू झालेला! मी विचारलं, मग इतिहासात लिहू काय? तर म्हणाले, "कंपनी नई है मैडम, परंपरा पुरानी चाहिए."

भैयाजींनी बर्फी तोंडात टाकली आणि मान डोलावली. म्हणजे ती परंपरा आता मी बनवायची होती.

*

बनवली बाप्पा. कुठल्याशा दरबारातले दीवानजी, मोठे हुशार, सिगार पेटवल्याशिवाय राज्याचा निर्णय घेत नसत. सेठजींना एवढ्यानं भागेना. सिगारमुळेच दीवानजी शंभरी पार जगले, असं लिहा म्हणे! माणसाची छाती पोखरणारी वस्तू, आणि हे तिच्याच जोरावर आयुष्य वाढवून राहिले!

मी साफ नाही म्हटलं. तर भैयाजी मलेच समजावून राहिले की जुन्या गोष्टीत कोणी डॉक्टरले विचारत नाही. ते वाक्य शेवटी त्यांनी स्वतः लिहिलं.

*

तंबाखूची जाहिरात कायद्यानं करता येत नाही. म्हणून 'दीवानजी अगरबत्ती' निघाली, त्याच नावाची, त्याच रंगाची. पोस्टरवर सोफा, शाल, ऐटीत बसलेला माणूस, धूरच धूर. अगरबत्ती कुठेच नाही.

माझ्या काकूले वाटलं, पुतणीनं जाहिरात केली आहे तर आपण एक पुडा घ्यावा. गेली गोल बाजारात. दुकानभर बोर्ड लागलेले, आणि दुकानदार हसून म्हणतो, "माल नहीं आता दीदी, सिर्फ बोर्ड आता है."

रिकाम्या पिशवीनं घरी आली बिचारी. मले म्हणाली, "काहून करता वो असले धंदे?"

*

मग दीवानजींचा फोटो पाहिजे झाला. भैयाजींनी मले न विचारता ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून एक उचलला. आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका इथेच छापली होती, त्यातला. गणेशोत्सवाच्या नाटकात माझे काका दीवान झाले होते. पगडी, नकली मिशा, हातात पुठ्ठ्याची सिगार. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, आयुष्यात विडीले हात लावला नाही!

काका सकाळी फिरायले गेले तर बूढ़ा तालाबाजवळ स्वतःच पोस्टरवर. खाली लिहिलेलं, 'संस्थापक स्वर्गीय दीवानजी'. फोटोले चंदनाचा हार.

काका घरी येऊन हसत होते. काकू हसली नाही. तिनं आधी त्यांची मीठमोहरीनं दृष्ट काढली, मग देवाजवळ दिवा लावला, मग मले फोन केला. म्हणाली, जित्या माणसाच्या फोटोले हार! मी भैयाजींशी कडाकडा भांडले. ते म्हणाले, डबेसुद्धा छापून झाले, आता सेठजींनाच सांग.

*

सेठजींनी शोरूममध्ये 'संस्थापक दिवस' ठेवला होता. काकाले घेऊन काकू आणि मी तिथेच धडकलो. भिंतीवर हा मोठा फोटो, खाली समई, फुलं, समोर कॅमेरेवाले. काका जाऊन बरोबर फोटोपुढे उभे राहिले. तेच नाक, तोच गालावरचा तीळ. नुसत्या मिशा नव्हत्या.

काकू पदर खोचून सेठजींपुढे गेली. म्हणाली, "आधी तो हार काढा. हे माझे मालक आहेत, जिवंत आहेत. आत्ताच माझ्या हातचे पोहे खाऊन आले."

सेठजींनी फोटोकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग हात जोडून, अगदी अदबीनं काकाले म्हणाले,

"अंकल, ज़रा साइड हो जाइए. संस्थापक जी दिख नहीं रहे हैं."