सारिंतीचं उष्टं

पूर्वेकडच्या बेटांवरच्या तुबान बंदरात परदेशी जहाज लागलं की सारिंतीमावशीला चैन पडत नसे. बंदराचे अधिपती आर्य यांच्या मेजवान्यांत केळीची पानं मांडायची, हे तिचं काम. पण सगळा जीव अडकलेला असायचा तो कोण कसं जेवतो ते बघण्यात. चिनी व्यापारी दोन काड्यांनी भात कसा उचलतात, अरब एकाच परातीभोवती कोंडाळं करून का बसतात, असं विचारून विचारून तिनं कासिम दुभाष्याला भंडावून सोडलं होतं.

आज पाहुणा होता पार पश्चिमेकडच्या व्हेनिसचा. झानेत्तो नाव, तांबूस दाढी, घामानं नुसता निथळत होता बिचारा.

"हा कशावर जेवतो रे?" मावशीनं कासिमला गाठलंच.

"शिळ्या पावाच्या जाड तुकड्यावर. दोघांत मिळून एक."

"आणि पानासारखं फेकून देतात तो पाव?"

"भिकाऱ्याला देतात."

"अगंबाई! म्हणजे ताटसुद्धा खाऊन टाकतात की!"

"मावशी, तू वाढायला येतेस की चौकशीला?"

मांडवात शिरताना हत्यारं दारात काढून ठेवायची. परक्यांची हत्यारं मावशीच मागून घ्यायची. बाईमाणसानं मागितलं की कुणी डोळे वटारत नाही. झानेत्तोनं तलवार दिली. कमरेला हाडाच्या मुठीचा एक चिमुकला चाकू तेवढा राहिला. सुपारी कापायचा असणार, असं समजून मावशीनं तो सोडून दिला. सुपारीचा चाकू तुबानमध्ये कुणी कुणाकडे मागतं का?

पंगत बसली. भाजलेलं बदक आर्यांपुढे आलं, आणि झानेत्तोनं हसत हसत चाकू उपसला, बदकाचा एक तुकडा कापला आणि तो पात्यावर धरून आर्यांच्या दिशेनं वाकला.

एका क्षणात पहारेकऱ्यांचे खंजीर बाहेर आले. "विष! पात्याला विष असणार!" कुणीतरी ओरडलं. कासिम पंगतीच्या दुसऱ्या टोकाला. तो गर्दीतून पुढे यायला धडपडू लागला. झानेत्तो बदकाचा तुकडा चाकूवर धरून बावळटासारखा बघत राहिला. आता गेलाच हा जिवानिशी, आणि माझ्यामुळे! मावशीच्या मनात आलं.

ती गुडघ्यांवर सरपटत पुढे घुसली. "सरकार, चूक माझी आहे! दारात मीच सोडला तो चाकू!" असं म्हणत तिनं पात्यावरचा तुकडा ओढला आणि सगळ्यांदेखत दातांनी अर्धा तोडून खाल्ला. मेले तर मेले!

मोलकरणीनं आर्यांच्या आधी घास घेतला होता. उरलेला अर्धा तुकडा तिच्या हातात तसाच.

झानेत्तोला वाटलं, ही चव घेऊन बघणारी असेल. त्याच्या मुलखात मोठ्यांच्या घरी विष तपासायला असं माणूस ठेवतात. त्यानं मान लववली, तिच्या हातातला तुकडा घेतला आणि मजेत तोंडात टाकला.

"अरे देवा!" कासिमनं कपाळावर हात मारला.

तुबानमध्ये उष्टं वरून खाली जातं. आर्यांचं सरदार खातात, मान समजून खातात. सरदारांचं नोकर खातात. नोकरांचं उष्टं बदकांना.

आधी आर्यच हसले. पोट धरून हसले. "खंजीर आत घाला रे! मला मारायला आलेला माणूस आधी मोलकरणीचं उष्टं खाईल होय? काय रे कासिम, हे काय सोंग आहे?"

कासिम एकदाचा पुढे पोचला. "सरकार, यांच्याकडे पाहुणा आपल्याच चाकूनं मांस कापून यजमानाला वाढतो. मानच असतो तो. आणि एका ताटात दोघं जेवणं, ही यांची दोस्ती."

"मग मलाही वाढ म्हणावं," आर्य म्हणाले. मावशीला त्यांनी हातानंच जायला खुणावलं. एवढ्यावर निभावलं.

स्वयंपाकघरात बायकांनी तिला घेरलं. "काय बाई, गोऱ्याला उष्टं भरवलंस!" "आता आम्ही तुला वाकून नमस्कार करायचा की काय?" मावशीही हसायला गेली, पण तिचे डोळेच वाहू लागले. कुणीतरी पाणी दिलं.

"भ्यालीस ना गं?"

"नाही गं," मावशी म्हणाली. "मला मूलबाळ नाही. माझ्या हातातलं उष्टं आजवर कुणी खाल्लंच नव्हतं."