बिल्ल्यामागचा दोरा

आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटं मांडायला जागा नसते, कारण तिथे बिल्ले पसरलेले असतात. निवृत्त झाल्यापासून माझ्या नवऱ्याला ब्रिटिश सैनिकांच्या टोप्यांवरचे जुने पितळी बिल्ले जमवायचा नाद लागला आहे. दर रविवारी जुन्या बाजारात जाऊन ते एखादा घेऊन येतात आणि आमटी निवून जाईपर्यंत भिंगातून बघत बसतात. पलटण कोणती, मुकुट कुठल्या राजाचा, बिल्ला अस्सल की नक्कल, हे सगळं मला ऐकावं लागतं. "पण हा होता कुणाचा?" असं विचारलं, की म्हणतात, "ते कसं कळणार?"

मला याचाच वैताग येतो. ज्या डोक्यांवर हे बिल्ले होते त्यांना उन्हानं घाम फुटला असेल, घरची आठवण आली असेल. ती माणसं गेली, आणि आम्ही पितळ पुसत बसलो आहोत.

परवा नव्या बिल्ल्याच्या मागच्या कडीत खाकी दोरा अडकलेला निघाला. पिन हरवली म्हणून कुणीतरी बिल्ला टोपीला बांधून टाकला असणार. हे लगेच चिमट्यानं दोरा ओढायला लागले.

"अहो, राहू द्या तो," मी म्हणाले. "त्यानं स्वतःच्या हातानं बांधलाय."

त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते एका माणसाबद्दल बोलले, आणि तेही त्याची चूक काढायला.

"गाठ काही त्याला नीट मारता आलेली नाही," ते म्हणाले.